पाण्याची कातडी : एका वैज्ञानिक रूपकाची चिकित्सा

शास्त्रीय गद्य निरलंकार असते, ही समजूत जितकी रूढ तितकीच निराधार आहे. काव्यातील अलंकार वाचकाला अलंकार म्हणूनच जाणवतो आणि त्यामुळे तो सहसा त्याची दिशाभूल करीत नाही. शास्त्रातील अलंकार मात्र काही काळाने वस्तुस्थितीचा वेष धारण करून वावरू लागतो आणि मग त्याला ओळखणे कठीण होऊन बसते. द्रवाच्या पृष्ठभागावर एक ताणलेली, लवचिक कातडी असते ही कल्पना या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. सेग्नर या जर्मन गणितज्ञाने १७५१ मध्ये द्रवपृष्ठाच्या ताणाचा विचार मांडला. टॉमस यंगने १८०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. आणि तेव्हापासून आजतागायत शाळेतील पहिल्या धड्यापासून विद्यापीठीय व्याख्यानापर्यंत ही कातडी द्रवाला चिकटून राहिली आहे. या रूपकाची योग्यता कोणती, त्याची मर्यादा कोठे येते, आणि मराठीतून शास्त्र शिकवू व शिकू इच्छिणाऱ्यांनी त्याचे काय करावे, या तीन प्रश्नांचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. बॉइजची व्याख्याने

हे रूपक ज्या ग्रंथाने लोकप्रिय केले त्यापासूनच आरंभ करणे इष्ट. सी. व्ही. बॉइज यांनी डिसेंबर १८८९ व जानेवारी १८९० मध्ये लंडन येथे बालश्रोत्यांपुढे साबणाच्या फुग्यांवर तीन व्याख्याने दिली. ती १८९० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली आणि सुबोध शास्त्रीय लेखनाचा आदर्श म्हणून आजही वाचली जातात. ग्रंथाच्या आरंभीचा कुंचल्याचा प्रयोग पाहण्यासारखा आहे. कुंचला पाण्यात बुडवून बाहेर काढला की त्याचे केस एकमेकांस चिकटतात. ‘ओले झाल्यामुळे चिकटतात’ हे सर्वांचे उत्तर. परंतु तोच कुंचला पाण्यात बुडालेला असता केस ओलेच असतात आणि तरीही मोकळे तरंगतात. म्हणजे चिकटण्याचे कारण ओलेपणा नव्हे. एका साध्या वस्तूच्या साहाय्याने बॉइज यांनी लोकभाषेतील एक खोटे कार्यकारणवाक्य मोडून काढले आहे. भाषेच्या अभ्यासकालाही हेवा वाटावा असे हे खंडन आहे.

तथापि जुने वाक्य जेथून काढले तेथेच त्यांनी नवे वाक्य बसविले : पाण्याला लवचिक कातडी असल्यासारखी असते आणि ती केसांना आवळून धरते. पुढे एका कड्यावर रबराचा पातळ पडदा ताणून त्यावर पाणी ओतण्याचा प्रयोग येतो. पाण्याच्या भाराने पडदा खाली लोंबतो आणि त्याला टांगलेल्या थेंबाचा आकार प्राप्त होतो. येथे उपमान केवळ शब्दात राहत नाही, ते टेबलावर प्रत्यक्ष मांडले जाते. बालश्रोत्याच्या मनावर जे ठसते ते ‘सारखी’ हे पद नव्हे, तर रबराचा पडदा.

आपल्या अलंकारशास्त्राने ही वाट पूर्वीच आखून ठेवली आहे. ‘कातडीसारखी’ ही उपमा, ‘जणू कातडीच’ ही उत्प्रेक्षा, ‘पृष्ठ हीच कातडी’ हे रूपक, आणि पृष्ठाचे नावही न घेता केवळ ‘कातडी’ म्हणणे ही अतिशयोक्ती. कारण तेथे उपमानाने उपमेय गिळून टाकलेले असते. कवी या पायऱ्या जाणून चढतो. पाठ्यपुस्तकांत मात्र पुष्कळदा असे घडते की, व्याख्येच्या वाक्यात ‘ताणलेल्या लवचिक पटलाप्रमाणे’ असा जपून शब्दप्रयोग केलेला असतो, आणि दोनच परिच्छेदांनंतर सुई ‘पटलावर’ तरंगू लागते, किडा ‘पटलावर’ चालू लागतो. ‘प्रमाणे’ हा एकच शब्द गळतो आणि त्याबरोबर शास्त्रही गळते.

मम्मटाने लक्षणेला तीन अटी घातल्या आहेत : मुख्यार्थाचा बाध, त्या अर्थाशी संबंध, आणि रूढी अथवा प्रयोजन. ‘कुशल’ शब्दातील कुश गवत आज कोणास आठवत नाही. ती रूढी झाली, आणि तिने कोणाचे नुकसानही होत नाही. पाण्याच्या कातडीच्या बाबतीत मात्र पहिली अटच डळमळीत आहे. पाण्याला खरोखरी कातडी नाही, हा बाध ऐकणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. ज्याला मुख्यार्थ बाधित झाल्याचे कळत नाही, तो लक्ष्यार्थाकडे वळणार तरी कसा? म्हणून हा बाध कोठे आणि किती आहे हे रेणूंच्या पातळीवर तपासून पाहणे अगत्याचे ठरते.

२. रेणूंची साक्ष

पहिली गोष्ट घटकांच्या स्थैर्याची. कातडी म्हटली की तिचे घटक काही काळ तरी तेच असावे लागतात. २० अंश सेल्सिअस तपमानास पाणी व त्याची संपृक्त वाफ यांचा समतोल असता, वायूंच्या गतिसिद्धान्तानुसार पृष्ठावरील एका रेणूएवढ्या जागेवर दर सेकंदाला वाफेचे सुमारे ८० लाख रेणू येऊन आदळतात. त्यांपैकी जितके पाण्यात सामावतात तितकेच पाण्यातून बाहेर पडतात. पृष्ठ व अंतर्भाग यांच्यामधील देवघेव तर याहून पुष्कळच जलद असते. पाण्यातील विसरणाचा वेग लक्षात घेता, एका रेणूच्या व्यासाएवढे अंतर कापावयास सेकंदाच्या अब्जांशाचाही लहानसा भाग पुरतो. ज्या कातडीचा प्रत्येक घटक डोळ्याचे पाते लवण्याच्या आत असंख्य वेळा बदलतो, तिला कातडी कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

दुसरी गोष्ट लवचिकपणाची. रबर जितके अधिक ताणावे तितका त्याचा विरोध वाढतो, कारण त्याचे तेच घटक एकमेकांपासून दूर ओढले जातात. शुद्ध द्रवाचे पृष्ठ वाढविले असता पृष्ठावरील रेणू दूर ओढले जात नाहीत. अंतर्भागातील रेणू वर येऊन नवे पृष्ठ तयार होते आणि ते जुन्यासारखेच असते. म्हणून पृष्ठताण हा पृष्ठाच्या विस्तारावर अवलंबून नसतो. पाण्याचा पृष्ठताण २० अंशांस मीटरमागे सुमारे ७२·८ मिलिन्यूटन आहे आणि पृष्ठ दुप्पट केले तरी तो तेवढाच राहतो. तपमान वाढेल तसा तो कमी होतो. १०० अंशांस तो ५९ च्या आसपास येतो, आणि ३७४ अंशांच्या क्रांतिक तपमानास, जेथे पाणी व वाफ हा भेदच मावळतो, तो शून्य होतो. हे रबराचे शील नव्हे.

तिसरी गोष्ट सीमेच्या रेखीवपणाची. ‘पृष्ठ’ म्हटले की मनापुढे एक रेषा उभी राहते. गिब्ज यांनी १८७० च्या दशकात गणिताच्या सोयीसाठी जाडी नसलेले एक विभाजक पृष्ठ कल्पिले. परंतु १८९३ मध्ये व्हान डर वाल्स यांनी दाखविले की द्रवाची घनता वाफेच्या घनतेपर्यंत अखंडपणे उतरत जाते. हा उतार नेहमीच्या तपमानास अवघ्या काही आंग्स्ट्रॉमांत, म्हणजे एकदोन रेणूंच्या जाडीत संपतो आणि क्रांतिक बिंदूच्या जवळ तो अमर्याद रुंद होत जातो. शिवाय निश्चल दिसणारे पाणीही निश्चल नसते. रेणूंच्या उष्णताजन्य खळबळीमुळे त्याच्या पृष्ठावर अतिसूक्ष्म लाटा सतत उठत असतात. या लाटांमुळे विखुरणाऱ्या प्रकाशाचा अभ्यास १९२० च्या दशकात कलकत्ता येथे चंद्रशेखर व्यंकट रामन आणि एल. ए. रामदास यांनी केला; हेच रामदास पुढे पुण्यात कृषिहवामानशास्त्राचे आद्य संशोधक म्हणून ख्याती पावले. १९८५ मध्ये क्ष-किरणांच्या परावर्तनावरून पाण्याच्या पृष्ठाचा खडबडीतपणा मोजण्यात आला, तो सुमारे ३ आंग्स्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ एका रेणूच्या व्यासाएवढाच भरला. एका रेणूच्या वाट्यास येणारी पृष्ठऊर्जा ही नेहमीच्या तपमानास त्याच्या उष्णताजन्य ऊर्जेच्या मानाच्या दुपटीहूनही कमी आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या अस्थैर्याचे नवल वाटत नाही.

३. बाणाचे चित्र आणि ताणाचे अस्तित्व

कातडीचा त्याग करणारे पुष्कळ लेखक तिच्या जागी दुसरे चित्र देतात. द्रवाच्या अंतर्भागातील रेणू सर्व बाजूंनी सारखा ओढला जातो, पृष्ठावरील रेणूला वरून ओढणारे कोणी नसल्याने तो आत ओढला जातो, आणि म्हणून पृष्ठ आकुंचन पावू पाहते. सोबत खाली रोखलेल्या बाणाची आकृती असते. हे स्पष्टीकरण कातडीपेक्षा अधिक शास्त्रीय दिसते. परंतु त्यात दोन उघड दोष आहेत. रेणूवर खरोखरीच असंतुलित प्रेरणा असती तर तो आत धावत सुटला असता. समतोलावस्थेत आकर्षणाला प्रतिसारणाने तोलून धरलेले असते, आणि त्या प्रतिसारणाचा आकृतीत मागमूसही नसतो. दुसरे असे की, बाण पृष्ठाला लंब आहे आणि ज्याचा उलगडा करावयाचा तो ताण पृष्ठाला समांतर आहे. कारण एका दिशेला आणि कार्य दुसऱ्या दिशेला, अशी ही असंगती आहे. भाषेच्या दृष्टीने पाहता ‘आकुंचन पावू पाहते’ या क्रियापदाने ती झाकली जाते. ‘ऊ पाहणे’ या रचनेत इच्छा गृहीत असते. आणि एकदा पृष्ठाला इच्छा दिली की दिशेचा हिशेब कोणी मागत नाही.

या गोंधळाला कंटाळून एन. के. अ‍ॅडम यांनी १९३० मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दुसरे टोक गाठले. पृष्ठाची मुक्त ऊर्जा तेवढी खरी आणि ताण ही केवळ तिच्याशी गणिताने तुल्य असलेली सोयीची कल्पना, असा त्यांचा पक्ष होता. कातडीवरील त्यांचा आक्षेप सर्वस्वी रास्त आहे. परंतु कातडीबरोबर ताणही फेकून देणे न्याय्य ठरत नाही. कर्कवुड व बफ यांनी १९४९ मध्ये रेणूंमधील प्रेरणांवरून पृष्ठताण काढण्याचे सूत्र दिले. मायकेल बेरी यांनी १९७१ मध्ये त्यामागील यंत्रणा सोप्या भाषेत मांडली. आणि पृष्ठताण ही पृष्ठाला समांतर प्रेरणा का असावी, हाच प्रश्न शीर्षकात घेऊन २०११ मध्ये एका अमेरिकन भौतिकी नियतकालिकात एक लेख आला. या विवेचनांचे सार असे : रेणूंमधील प्रतिसारण अगदी जवळच्या अंतरावरचे असल्याने ते सर्व दिशांना जवळजवळ सारखे असते, आकर्षण मात्र दूरवर पोहोचते आणि म्हणून पृष्ठाजवळ ते दिशेनुसार भिन्न होते. पृष्ठाला लंब दिशेत बाहेरची बाजू रिकामी असल्याने आकर्षण उणावते आणि तेवढेच उणावलेले प्रतिसारण त्याला तोलून धरते. समांतर दिशेत मात्र शेजारी दोन्ही बाजूंना असतात, आकर्षण तितके उणावत नाही, आणि त्या उणावलेल्या प्रतिसारणावर ते मात करते. जे आकर्षण शिल्लक उरते तोच पृष्ठताण.

म्हणजे ताण ही कल्पना नव्हे. तो प्रत्यक्ष आहे, पृष्ठाला समांतर आहे, आणि एकदोन रेणूंच्या जाडीत सामावलेला आहे. पाण्याच्या बाबतीत तो अर्ध्या नॅनोमीटरच्या थरात वाटला गेला असे मानले, तर त्या थरातील सरासरी ओढ एक हजार वातावरणांहून अधिक भरते. असत्य आहे ती कातडी. ताण सत्य आहे. बॉइज यांनी दोन्ही पत्करले, अ‍ॅडम यांनी दोन्ही नाकारले. विवेक या दोहोंच्या मध्ये आहे.

४. मळलेले पाणी

रूपकाला न्याय द्यावयाचा तर आणखी एक साक्ष घेतली पाहिजे. ब्राउनश्वाइग येथील आग्नेस पॉकेल्स या, विद्यापीठाचे शिक्षण न मिळालेल्या स्त्रीने घरगुती साधनांनी पाण्याच्या पृष्ठावर वर्षानुवर्षे प्रयोग केले. तिने लॉर्ड रॅले यांना जर्मनमध्ये लिहिलेल्या पत्राचे भाषांतर त्यांच्याच शिफारशीने १८९१ मध्ये ‘नेचर’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले. धातूच्या पट्टीने पाण्याचे पृष्ठ लहानमोठे करून तिने दाखविले की, मळलेल्या पृष्ठाचा ताण त्याच्या विस्तारानुसार बदलतो; स्वच्छ पृष्ठाचा बदलत नाही.

या शोधाचा रूपकाच्या दृष्टीने विचार झालेला सहसा आढळत नाही, पण तो फार बोलका आहे. ताणल्यावर विरोध वाढणे हा लवचिक कातडीचा विशेष शुद्ध पाण्यात नाही. तो मळलेल्या पाण्यात आहे. साबणाचा पापुद्रा एखाद्या ठिकाणी ताणला गेला की तेथील साबणाचे रेणू विरळ होतात, तेथला ताण वाढतो, आणि भोवतालचा द्रव तिकडे ओढला जाऊन पातळ झालेली जागा सावरली जाते. फुगा टिकतो तो याच गुणामुळे. केवळ पृष्ठताण अधिक असण्याने तो टिकत असता तर शुद्ध पाण्याचा फुगा साबणाच्या फुग्याहून अधिक टिकला असता. तेव्हा बॉइज यांचे रूपक त्यांच्या ग्रंथाच्या नावाला, म्हणजे साबणाच्या फुग्याला, पुष्कळ अंशी शोभते. कुंचल्याला व स्वच्छ पाण्याच्या थेंबाला ते शोभत नाही. रूपक खोटे नव्हते, त्याचे क्षेत्र चुकले होते.

५. मराठी संज्ञेचा प्रश्न

आता ‘पृष्ठताण’ या संज्ञेकडे वळावयास हरकत नाही. ‘ताण’ हा शब्द संस्कृत ‘तन्’ धातूपासून आला आहे, आणि इंग्रजीतील ‘टेन्शन’ हा लॅटिनमार्गे त्याच मूळ धातूपासून आलेला आहे. दोन्ही शब्दांच्या मुळाशी एकच अर्थ : ओढून लांबविणे. येथे एक योगायोग नमूद करण्याजोगा आहे. पृष्ठताणाचा सिद्धान्त मांडणारे टॉमस यंग यांनीच १८१३ मध्ये या भाषाकुलाला ‘इंडो-युरोपियन’ हे नाव दिले. तात्पर्य, ‘पृष्ठताण’ ही संज्ञा निव्वळ उसनी नाही. ती सख्ख्या नात्यातली आहे, आणि तिच्यातील ‘ताण’ हे पद, वर पाहिल्याप्रमाणे, वस्तुस्थितीलाही धरून आहे. ते बदलण्याचे कारण नाही.

‘पृष्ठ’ या पदाविषयी मात्र सावध राहिले पाहिजे. मराठी ‘पाठ’ हा याच शब्दाचा तद्भव. पाठ ही नेहमी कोणाची तरी असते आणि ती बाहेरून दिसते. म्हणून ‘द्रवाचे पृष्ठ’ म्हणताच ते एकट्या द्रवाचे आणि द्रवापासून वेगळे दाखविता येण्यासारखे आहे असे भासते. वास्तविक ते द्रव व वाफ या दोहोंमधील संक्रमण आहे.

कातडीच्या बाबतीत तर मराठी भाषेनेच निवाडा करून ठेवला आहे. दुधावर येते ती साय, तेलाचा पसरतो तो तवंग, सुटून येतो तो पापुद्रा. या प्रत्येक शब्दाने खालच्या द्रव्याहून निराळे असे, वेगळे काढता येण्याजोगे द्रव्य सूचित होते. साय चमच्याने काढता येते, तवंग टिपून घेता येतो. पाण्याच्या पृष्ठाला यांपैकी एकही नाव कोणी मराठी मनुष्य सहजपणे देत नाही. कारण ते काढून बाजूला ठेवता येत नाही, काढू गेले तर खाली पुन्हा तेच असते. नैयायिकांच्या परिभाषेत बोलावयाचे तर पृष्ठ हा धर्मी नव्हे, धर्म आहे. ते द्रव्य नव्हे, द्रव्याची सीमेवरील अवस्था आहे. घरच्या भाषेत असलेला हा विवेक शाळेच्या भाषेत हरवावा, ही खेदाची गोष्ट होय.

मराठीतून विज्ञान शिकणाऱ्या विद्यार्थ्याचे हित येथे गुंतलेले आहे. त्याला पुढे इंग्रजी ग्रंथांकडे वळावे लागते. तेव्हा पहिल्या धड्यात शिकलेले पटल विसरावे लागले, तर त्याचा दोष तो स्वभाषेला देतो, जरी चूक मूळ इंग्रजी रूपकातच असली तरी. म्हणून पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांनी तीन पथ्ये पाळणे श्रेयस्कर ठरेल. प्रथम ऊर्जेचे वाक्य द्यावे : द्रवाचे पृष्ठ वाढविण्यास कार्य करावे लागते आणि ते वाढलेल्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात असते. त्यानंतर ताण सांगावा, तो समांतर का आहे हे सांगताना प्रतिसारणाचा उल्लेख वगळू नये, आणि ‘ऊ पाहते’, ‘प्रयत्न करते’ अशी इच्छावाचक क्रियापदे टाळावी. पटलाची उपमा द्यावयाची झाल्यास ती शेवटी द्यावी, ‘प्रमाणे’ हा शब्द कधीही गाळू नये, आणि ती कोठे मोडते हे त्याच परिच्छेदात सांगावे.

रूपकाविना शास्त्र शिकविता येत नाही, हे खरेच. यंग यांना रेणूंची रचना ठाऊक नसताना ताणाच्या कल्पनेवरून वक्र पृष्ठाच्या दाबाचा नियम मांडता आला, आणि १८०६ मध्ये लाप्लास यांनी अगदी भिन्न वाटेने तोच नियम गाठला; ही त्या कल्पनेची कमाई मोठी आहे. परंतु ज्या उपमानाने काम करून दिले त्याला पुढे सत्याच्या आसनावर बसविण्याची आवश्यकता नसते. बॉइज यांनी ‘ओले झाल्यामुळे’ या शब्दांची परीक्षा एका कुंचल्याने घेतली. त्यांच्या ‘कातडी’ची तशीच परीक्षा घेणे हाच त्यांच्या ग्रंथाचा खरा गौरव होय.